पूर्ण रेस दिली की आउटबोर्ड दम टाकतं: दुरुस्तीच्या नोंदी

११ ऑक्टोबर

बोटीच्या मागे बाहेरून लावायचं आउटबोर्ड इंजिन: टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, ४० एचपी. प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्बोरेटर. टाकी सुटी, २४ लिटरची. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, ५० ला १ या प्रमाणात. मॅन्युअलप्रमाणे पूर्ण रेसला ४५०० ते ५५०० आरपीएम मिळायला हवेत. ठीक असताना याच बोटीवर, याच पंख्यावर ५२०० मिळत होते. हा आकडा लिहून ठेवलेला होता, आणि पुढच्या सगळ्या तपासणीत तोच कामी आला. तुमचं इंजिन आज ठीक चालत असेल तर पूर्ण रेसचा आकडा आजच टिपून ठेवा.

लक्षण असं: पहिल्या ओढीत चालू होतं, आयडलला गुळगुळीत, ३००० पर्यंत कितीही वेळ चालवा, तक्रार नाही. पूर्ण रेस दिली की ४९०० च्या आसपास जातं, पाऊण मिनिट तिथे टिकतं आणि मग कुणीतरी ब्रेक लावल्यागत ३४०० वर येतं. रेस कमी करून मिनिटभर थांबलं की पुन्हा तोच खेळ पहिल्यापासून.

हे पाऊण मिनिट महत्त्वाचं आहे. मुख्य जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) पूर्ण बुजलेलं असतं तर इंजिन वर चढलंच नसतं. प्लगचा करंट तुटत असता तर बहुधा ठरावीक आरपीएमला किंवा गरम झाल्यावर मिसिंग सुरू झालं असतं, आणि मिनिटभर थांबून इतकं नेमकं सुधारलं नसतं. चढतं, टिकतं, पडतं आणि थांबलं की सावरतं, याचा अर्थ कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपतंय आणि मागून तेवढ्या वेगाने भरत नाही. हा पहिला अंदाज. बाकी सगळं पडताळायचं आहे.

चाचण्या सुरू करण्याआधी एक इशारा. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो आणि जाम होतो. आरपीएम पडल्यावर तसंच रेटत राहणं म्हणजे दोन-पाच मिनिटांत इंजिन खोलायची वेळ आणणं. प्रत्येक चाचणीत आकडा पडला की लगेच रेस कमी करायची. स्टॉप स्विचची दोरी मनगटाला बांधलेली हवी, कारण या चाचण्यांमध्ये लक्ष पाण्यावर कमी आणि इंजिनावर जास्त असतं.

१२ ऑक्टोबर

पाना न लावता जे बघता येतं ते आज बघून घेतलं.

पंखा काढला. शाफ्टला मासेमारीची तंगूस गुंडाळलेली नव्हती. पंख्याच्या मधल्या तुंब्यापासून रबराच्या बुशावरून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवली. बुश घसरत असेल तर चालवून आल्यावर ही रेघ तुटलेली दिसते. तसं बुश घसरलं की आरपीएम वाढतात आणि बोट मंदावते. इथे उलटं होतंय, त्यामुळे शंका कमीच होती. तरी रेघ ओढायला खर्च काहीच नाही.

इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण फिरवलं आणि कव्हर काढून दोन्ही कार्बोरेटरच्या झडपा बघितल्या. दोन्ही पूर्ण उघडतात. ही गोष्ट बरेच जण बघत नाहीत. केबल सैल झाली की हँडल शेवटापर्यंत जातं, पण झडप पाऊणच उघडते, आणि मग माणूस पेट्रोलच्या मागे लागतो.

इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार जोरात येते, हाताला कोमट लागते. तापल्यामुळे इंजिन स्वतःहून आरपीएम कमी करतंय, ही शक्यता त्यामुळे बाजूला. बोटीच्या तळात पाणी साठलेलं नाही, बुडाला शेवाळ-शिंपले नाहीत.

१३ ऑक्टोबर

पिंपात पाणी भरून इंजिन चालवलं. काहीच सापडलं नाही, आणि यात सापडणारही नव्हतं.

हे सविस्तर लिहितो, कारण पिंपातल्या चाचणीवर अनेकांचे दिवस जातात. ४० एचपीचं टू-स्ट्रोक पूर्ण रेसवर, बोट ओढत असताना, ताशी साधारण १५ लिटर पेट्रोल पितं. म्हणजे मिनिटाला पाव लिटर. न्यूट्रलमध्ये कितीही रेस दिली तरी इंजिनावर भार नसतो, आणि पेट्रोल त्याच्या अगदी थोड्या अंशाने लागतं. अर्धी बुजलेली नळीसुद्धा तेवढं सहज पुरवते. म्हणून पिंपात घोड्यासारखं धावणारं इंजिन पाण्यात गेल्यावर गुदमरतं. शिवाय भार नसताना पूर्ण रेस देणं धोक्याचं आहे, आरपीएम मर्यादेबाहेर जातात. पिंपाचा उपयोग दोनच गोष्टींसाठी: चालू होतंय का आणि पाण्याची धार येते का.

१५ ऑक्टोबर

प्लग नवे घातले. फरक शून्य. पण प्लगचा रंग वाचायचा तर नवेच हवेत, म्हणून खर्च वाया गेला असं म्हणणार नाही.

रंग वाचायची पद्धत: पाण्यात पूर्ण रेसवर चालवायचं आणि आरपीएम पडायला लागले की रेस कमी न करता थेट स्टॉप स्विचने इंजिन बंद करायचं. आयडलवर आणून बंद केलं तर प्लगवर आयडलचा रंग चढतो आणि वाचन फसतं. प्लग काढले. दोन्ही फिकट, म्हणजे दोन्हीकडे मिश्रण पातळ. खालच्या सिलिंडरचा प्लग वरच्यापेक्षा जास्त पांढरा. आज याचा अर्थ लागला नाही. नोंद करून ठेवली.

करंट: गॅप असलेल्या टेस्टरवर ठिणगी दोन्ही वायरींना ११ मिमी उडी मारते, निळी आणि टणत्कार करणारी. इंजिन गार असताना तपासली, गरम झाल्यावर लगेच पुन्हा तपासली, कारण कॉइल बरेचदा गरम झाल्यावरच दगा देते. दोन्ही वेळा सारखीच.

कॉम्प्रेशन: वर १२५, खाली १२० पीएसआय. दोघांत दहा टक्क्यांपेक्षा कमी फरक आहे, एवढं पुरे. गेज गेजनुसार आकडा बदलतो, दोन सिलिंडरमधला फरक बघायचा.

१७ ऑक्टोबर

आजची चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी, इतकी ती सोपी आहे. साधन लागत नाही, फक्त दुसरा माणूस लागतो.

मित्राला हँडल दिलं आणि मी टाकीजवळ बसून हातपंपाचा रबरी फुगा मुठीत धरला. पूर्ण रेस. सुरुवातीला फुगा गोल आणि भरलेला. वीसेक सेकंदांनी बोटांखाली त्याच्या बाजू आत जायला लागल्या. आरपीएम पडले तेव्हा फुगा चपटा झाला होता, दोन्ही भिंती एकमेकींना चिकटलेल्या, दाबायला आत काही उरलंच नव्हतं. रेस कमी केल्यावर तो सावकाश फुगत परत गोल झाला.

फुग्याचं वागणं असं वाचायचं:

चपटा झाला तर इंजिनावरचा पंप नीट ओढतोय, पण मागून पेट्रोल येत नाही. दोष टाकी ते फुगा या टप्प्यात.

गोल पण पिळपिळीत राहिला, आणि दाबत राहिलं की इंजिन सावरलं, तर पंप कमजोर आहे किंवा नळी कुठेतरी हवा ओढतेय.

गोल आणि टणक राहिला आणि तरी आरपीएम पडले, तर फुग्यापर्यंत पेट्रोल येतंय. पुढे कनेक्टर, फिल्टर, कार्बोरेटर बघा किंवा करंटकडे वळा.

आपला पहिला प्रकार. अर्धं इंजिन संशयितांच्या यादीतून बाहेर गेलं.

चपटा फुगा म्हटलं की पहिला संशय टाकीच्या हवेच्या भोकावर. भोक बंद असेल तर पेट्रोल ओढलं जाईल तसं टाकीत पोकळी तयार होते. झाकण पूर्ण काढून परत धावलो (पाणी शांत होतं म्हणूनच, हिंदकळणाऱ्या टाकीवर हे करू नये). फुगा तसाच चपटा. भोकाचा दोष नाही.

१८ ऑक्टोबर

टाकीतली ओढनळी काढली. तिच्या टोकाच्या जाळीवर तपकिरी चिकट थर होता. साफ केला. टाकीच्या तळातलं पेट्रोल कालच काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवलं होतं. सकाळी तळाशी पाण्याचे मणी गोळा झालेले, बरणी कलती केली की ते एकत्र येऊन सरकत. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं आणि मर्यादेपलीकडे गेलं की पाणी-इथेनॉलचा थर वेगळा होऊन खाली बसतो. टाकी पूर्ण रिकामी करून धुतली, ताजं पेट्रोल-ऑइल भरलं.

संध्याकाळी चालवलं. पाऊण मिनिटाऐवजी आता जवळपास दोन मिनिटं टिकलं आणि मग पडलं. इथे थांबायचा मोह होतो. सुधारणा झाली, उरलेलं जुनं पेट्रोल निघून गेलं की बरं होईल, असं वाटतं. पण फुगा अजूनही चपटा होत होता. फुगा चपटा होतोय तोवर दोष जागेवर आहे.

१९ ऑक्टोबर

मित्राची टाकी, नळी आणि फुगा असा पूर्ण संच आणला. तो लावून पूर्ण रेस: ४९०० वर गेलं आणि तिथेच राहिलं. दहा मिनिटं चालवलं, पडलं नाही.

मग एकेक वस्तू बदलत गेलो. त्याची टाकी, माझी नळी: पडलं. माझी टाकी, त्याची नळी: टिकलं. पाण्यावर अर्धा दिवस गेला, पण दोष नळीत आहे यावर आता वाद उरला नाही. एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन एकदम बदलल्या आणि इंजिन सुधारलं तर कशामुळे सुधारलं हे कधीच कळत नाही.

नळी बाहेरून ठणठणीत दिसत होती. चीर नाही, क्लिपा घट्ट, वळणावर दुमड नाही. तोंडाने फुंकलं तर हवा दोन्ही बाजूंनी आरपार. फुंकून बघून नळी चांगली ठरवू नका. तोंडाची फुंकर आणि पंपाची सततची ओढ यात फार फरक आहे.

ब्लेडने उभी चिरली. टाकीच्या कनेक्टरपासून चार बोटांवर आतलं काळं अस्तर बाहेरच्या रबरापासून सुटलं होतं आणि त्याचा एक तुकडा जिभेसारखा मोकळा लोंबत होता. त्या तुकड्याचं बूड इंजिनाच्या बाजूला चिकटलेलं, मोकळं टोक टाकीकडे, म्हणजे प्रवाहासमोर. पेट्रोल सावकाश वाहतं तेव्हा ते भिंतीला टेकून असतं. ओढ वाढली की उचललं जातं आणि नळीचं तोंड झाकतं. बोटाने उचलून बघितलं तेव्हा अस्तराच्या कडेचे काळे कण चुरा होऊन बोटाला लागले. ही नळी इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारी नव्हती, तिच्यावर तसा छापच नाही.

त्या चुऱ्याने मला थोडं अस्वस्थ केलं. तो जितका बोटाला लागला तितकाच पुढेही गेला असणार.

२२ ऑक्टोबर

इथेनॉलला चालणारी नवी नळी आणि नवा फुगा बसवला. जुन्या फुग्याच्या झडपांतही काळे कण अडकले होते, म्हणून तोही बदलला. फुग्यावरचा बाण इंजिनाकडे ठेवायचा. क्लिपा स्टीलच्या, रुंद पट्टीच्या. 

चालवलं. पडणं थांबलं. फुगा शेवटपर्यंत गोल.

पण आकडा ४९०० च. माझे ५२०० कुठे गेले? मित्राची नळी लावली होती तेव्हाही ४९०० च होते, ते त्या दिवशी आनंदात नजरेआड झालं. बोटीत माणसं तीच, पंखा तोच, टाकी निम्मी भरलेली. प्लग काढले: वरचा आता बिस्किटी रंगाचा, जसा हवा तसा. खालचा अजून फिकट.

दुसरा दोष आहे, आणि पहिल्या दोषाने तो झाकला होता. १५ तारखेच्या नोंदीचा अर्थ आज लागला.

२४ ऑक्टोबर

आधी पुरवठा पूर्ण निर्दोष आहे हे ठरवायचं. इंजिनाच्या पंपाआधी टी (तीन तोंडांचा जोड) लावून व्हॅक्युम गेज, म्हणजे ओढ मोजणारं मीटर, जोडलं आणि मध्ये हातभर पारदर्शक नळी घातली. पूर्ण रेसला गेज दीड इंच पाऱ्यावर स्थिर. वेगवेगळ्या मॅन्युअलमध्ये ही मर्यादा अडीच ते चार इंच दिलेली असते. त्याहून जास्त ओढ दिसली तर मागे अडथळा आहे. पारदर्शक नळीत बुडबुडे नाहीत, म्हणजे हवा कुठून शिरत नाही. ही पारदर्शक नळी फक्त चाचणीपुरती, कायमची ठेवू नये.

मग पंप उघडला. हा पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो, आत एक पातळ डायफ्राम असतो. त्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये जातं आणि त्या सिलिंडरचा प्लग ओला, काळा होतो. आपला प्लग पांढरा होता, त्यामुळे हे कारण नसणार असा कयास. डायफ्राम उजेडासमोर धरला, भोक नाही, पण कडेला कडक झालेला. उघडलाच होता म्हणून नव्या डायफ्रामचं किट घालून बंद केला. आकड्यात फरक नाही, ४९०० च. कडक डायफ्राम आज ना उद्या फाटतोच, म्हणून काम योग्य होतं. पण या तक्रारीवरचा उपाय म्हणून त्याचा हिशेब धरू नका.

२५ ऑक्टोबर

कोणतं सिलिंडर कमी काम करतंय हे भाराखाली तपासलं. ३००० च्या आसपास बोट चालू ठेवून एकेक सिलिंडर बंद करायचं. वायर नुसती उपटून हवेत सोडू नका, इलेक्ट्रॉनिक इग्निशनची कॉइल किंवा पॉवर पॅक (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक भाग) जळू शकतो. टेस्टरमार्फत अर्थिंग द्या, आणि टेस्टरची जोडणी इंजिन बंद असतानाच करा.

वरचं बंद केलं: इंजिन बंद पडायच्या बेतात. खालचं बंद केलं: आरपीएम पडले, पण त्यामानाने थोडेच. म्हणजे खालचं आधीपासूनच अर्धपोटी चाललं होतं.

पेट्रोल की करंट, हे ठरवायला एक सोपी युक्ती: पूर्ण रेसवर चोक क्षणभर, अगदी थोडा ओढायचा. मिश्रण पातळ असेल तर इंजिन उचल खातं. मिश्रण बरोबर असेल तर घुसमटतं. आपलं इंजिन दीडशे आरपीएमने वर गेलं. पेट्रोलच.

२६ ऑक्टोबर

खालचा कार्बोरेटर काढला. हे काम उघड्यावर, जवळ आग-ठिणगी नसताना करायचं, आणि नळी सोडण्याआधी खाली फडकं धरायचं.

वाटीच्या तळाला काळा गाळ, बोटाने चोळला तर तोच रबराचा चुरा. मुख्य जेट काढून उजेडासमोर धरलं. भोक गोल दिसायला हवं, दिसली कलती चंद्रकोर. एक कण कडेला चिकटून बसला होता. नळी फक्त अडवत नव्हती, स्वतः झिजून पुढे कण पाठवत होती. इंजिनातलं फिल्टर मोठे कण धरतं, त्याच्या जाळीतून सुटलेले बारीक कण वाटीत बसतात आणि तिथे गोळा होऊन जेटपर्यंत जातात.

जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक क्षणात मोठं होतं आणि मग ते सिलिंडर कायम जास्त पेट्रोल पितं. क्लीनरमध्ये भिजवलं आणि उलट्या बाजूने हवा मारली. आता भोक पूर्ण गोल. आयडलचे बारीक मार्गही हवा मारून साफ केले. फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे तपासली, बरोबर होती. गॅस्केट नवं. बसवल्यावर दोन्ही झडपा एकाच वेळी उघडतात का ते पुन्हा बघितलं, कारण कार्बोरेटर काढला की दोघांना जोडणारी दांडी हलते.

इंजिनाचं फिल्टर बदललं. शिवाय टाकी आणि फुगा यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारं, खाली पारदर्शक वाटी असलेलं फिल्टर बसवलं.

२७ ऑक्टोबर

पूर्ण रेस: ५२००. त्याच माणसांसह, टाकी निम्मी. दहा मिनिटं सलग, आकडा हलला नाही. फुगा गोल, गेज दोन इंच. नव्या फिल्टरमुळे अर्धा इंच वाढला, चालेल. स्टॉप स्विचने बंद करून प्लग काढले, दोन्ही एकाच बिस्किटी रंगाचे. पंख्यावरची रेघ अखंड.

हे बघताना खूप बरं वाटलं. खूप दिवसांनी बोट पाण्यावर उचलून धावली.

३ नोव्हेंबर

फिल्टरची वाटी सोडून बघितली. पाणी नाही. तळाला तीन-चार काळे कण, टाकीच्या बाजूच्या जुन्या कनेक्टरमधून आलेले असावेत. कनेक्टर उघडला तर ओ-रिंगला चीर आहे आणि आत नळीचा चुरा अडकलेला. ओ-रिंग बदलली, आतून धुतलं.

उरलेलं काम: वरचा कार्बोरेटर अजून उघडलेला नाही. प्लगचा रंग बरोबर आहे, म्हणून इंजिन चालवायला हरकत नाही, पण चुरा त्याच्याही वाटीत असणार. पुढची टाकी संपली की तो उघडून जेट उजेडासमोर धरायचं, आणि तोवर प्रत्येक फेरीनंतर वरचा प्लग काढून बघायचा. तो पांढरा पडायला लागला तर टाकी संपायची वाट न बघता लगेच.